बाई कशापासून झाली?

गावात एखाद्याचा विनोदी माणूस म्हणून बोभाटा झाला की त्याला पहिली शिक्षा होते ती 'दोन शब्द' बोलण्याची. सत्कार असो, निरोपसमारंभ असो, नाहीतर कुणाच्या नातवाचं बारसं असो, सूत्रसंचालक माझ्याकडे बघून आधी स्वतः हसून घेतो आणि मग माइकवर सांगतो, "आता आपल्या बँकेतले साहेब दोन विनोदी शब्द बोलतील." वास्तविक बँकेत मला कुणीही साहेब म्हणत नाही. साहेब आत काचेच्या खोलीत असतात. मी बाहेर दोन नंबरच्या काउंटरवर पासबुकं छापतो, स्लिपा तपासतो आणि 'लिंक नाही' हे वाक्य दिवसातून तीसेक वेळा अशा आवाजात म्हणतो की समोरचा माणूस चिडायच्या ऐवजी माझंच सांत्वन करून जातो. माझ्या विनोदाची पुंजी एवढीच. शिक्षण बी.कॉम. त्यात विनोद हा विषय नव्हता, ऑडिटिंग होता. त्यावर भागवलं.

तर 2025 च्या महिलादिनी, म्हणजे 8 मार्चला, वेळापुरातल्या बायकांच्या एका कार्यक्रमाला मला बोलावणं आलं. नेमका दुसरा शनिवार होता. बँक बंद. त्यामुळे 'काम आहे' ही नेहमीची ढाल हाताशी नव्हती. "महिलादिनाला पुरुष वक्ता कशाला?" असं मी विचारून पाहिलं. निमंत्रण द्यायला आलेल्या बाई सरळ होत्या. म्हणाल्या, "अहो, ज्या मॅडम येणार होत्या त्यांचं ऐनवेळी रद्द झालं." म्हणजे मी बदली कामगार. गेलो.

सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत आमची ही बसली होती. 'आमची ही' एवढंच लिहितो. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं नाही हा बायकांवरचा नियम लेखनात मी स्वतःवर लावून घेतलाय. शिवाय तिच्या नावाची एक भानगड आहे, ती पुढे येईल.

मी माझी हमखास गोष्ट काढली. लग्नाच्या पंगतीत आणि सेवानिवृत्तीच्या भाषणात ती मी वीस वेळा ऐकलेली आणि दहा वेळा सांगितलेली. आपल्या पुराणात म्हणे असं आहे, की त्वष्टा नावाच्या देवानं पुरुष घडवला आणि त्यातच सगळा माल संपला. बाईसाठी घट्ट असं काही उरलं नाही. मग त्यानं चंद्राची गोलाई, वेलीचा बाक, गवताची थरथर, मोराचा तोरा, वाघाचा क्रूरपणा, पाखरांची बडबड असं चिमूट चिमूट गोळा केलं, त्याची बाई केली आणि पुरुषाच्या हवाली केली. आठ दिवसांनी पुरुष तिला घेऊन दारात हजर. म्हणाला, ही सारखी बोलते, कारण नसताना रडते, घटकाभर एकटं बसू देत नाही, परत घ्या. देवानं घेतली. आणखी आठ दिवसांनी तो पुन्हा आला. करमत नाही, द्या परत. देवानं दिली. तीन दिवसांनी स्वारी तिला घेऊन पुन्हा उभी! तेव्हा मात्र देवानं त्याला हाकलून दिलं. हिच्यासोबत राहवत नाही आणि हिच्यावाचूनही राहवत नाही, मग तुझं तू बघ.

यात मी पदरची भर घातली. "आमच्याकडे चेक परत येतो ना, तशी बाई परत आली. फक्त रिटर्न मेमो नव्हता." टाळ्या पडल्या. बायकाच जास्त हसल्या हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे मी बचावासाठी तेच सांगितलं आणि ते चाललं नाही.

टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रांगेतून हायस्कूलच्या निवृत्त संस्कृतच्या बाई उठल्या. या बाईंनी निम्म्या वेळापूरला 'देव' शब्द चालवायला लावलाय. त्या म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. कुठल्या पुराणातली?"

मी म्हटलं, "पुराणातली, म्हणजे... पुराणातलीच."

"पुराणं अठरा आहेत," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुन्हा हशा झाला. हा माझ्या खात्यावरचा नव्हता. मी आधारासाठी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. ही हसत नव्हती, पदराला लागलेलं हळदीचं बोट पुसत होती.

आमच्या घरी अबोला नसतो. 'वाढू?' 'पुरे?' 'दिवा घालवू?' असे एकशब्दी, दोनशब्दी प्रश्न असतात. याला मी मिनिमम बॅलन्स म्हणतो. खातं बंद होत नाही, पण काढायलाही काही नसतं. त्या रात्री 'वाढू?' झालं, 'पुरे?' झालं. मी म्हटलं, "भाषण बरं झालं, नाही?" ती म्हणाली, "दिवा घालवू?"

अंधारात पडल्यापडल्या मला एकदम उलगडलं आणि मी उठून बसलो.

आमचं लग्न 2005 च्या मार्गशीर्षातलं. पुढच्या वर्षी पहिल्याच आषाढात माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी आली. पालखीच्या रात्री इथल्या घरांत पाहुणे किती, वारकरी किती याचा हिशेब नसतो. ओसरीत, अंगणात, गच्चीवर माणसं. माझी आई तेव्हा गुडघ्यांनी बसलेली. हिनं, वीस-बावीस वर्षांच्या पोरीनं, पहाटे तीनपासून पिठलंभाकरी रांधली. सत्तर-ऐंशी माणसं जेवली असतील. दुसऱ्या दिवशी पालखी भंडीशेगावकडे निघाली, घर रिकामं झालं आणि माझ्या पानात वाढलेल्या पिठल्यात मीठ नव्हतं. मी बोललो. ती बोलली. मग मी फार बोललो. इतका, की संध्याकाळी तिची पेटी उचलून एसटी स्टँडवर गेलो आणि तिला बार्शीला माहेरी पोचवून आलो.

लोकांना काही कळलं नाही. आपल्याकडे रीत मोठी सोयीची आहे. नव्या नवरीनं पहिल्या आखाडात माहेरी जायचंच असतं. "आखाडाला पोचवली," मी सगळ्यांना सांगितलं. तिच्या वडिलांनाही तेच सांगितलं. रिटर्न मेमो नव्हताच. पंधरा दिवसांनी मीच जाऊन तिला घेऊन आलो आणि तो विषय दोघांपैकी कुणी एकोणीस वर्षांत काढला नाही.

आणि मी तो माइकवरून काढला होता. तीनशे बायकांसमोर, टाळ्या घेऊन.

अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी कॉमर्सचा. मी व्हाउचर शोधायला लागलो. गोष्ट खरोखर पुराणातली निघाली तर जबाबदारी व्यासांवर ढकलता येईल, हा हेतू. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच संस्कृतच्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि दोन तास शिकवलं. वही आणली नाही म्हणून रागावल्यासुद्धा.

बाईंनी सुरुवात बृहदारण्यक उपनिषदापासून केली. तिथे आरंभी एकटा आत्माच आहे. इकडेतिकडे पाहतो तर दुसरं कुणी नाही. आधी त्याला भीती वाटली. मग त्यानं विचार केला, दुसरं कुणी नाहीच तर भ्यायचं कुणाला? भीती गेली, पण करमेना. दुसरं माणूस हवंसं झालं. तेव्हा एकमेकांना कवटाळलेले स्त्रीपुरुष मिळून जेवढे होतील तेवढा तो झाला आणि त्यानं आपले दोन भाग केले. तेच पती आणि पत्नी. यावर याज्ञवल्क्यांचं मत असं, की म्हणून माणूस एकटा असताना भरडलेल्या दाण्याच्या एका डाळीसारखा अर्धा असतो आणि उरलेली जागा बायकोनं भरते. मी हिशेब केला. याज्ञवल्क्यांना दोन बायका होत्या, मैत्रेयी आणि कात्यायनी. अर्धे हे आणि दोन अर्ध्या, म्हणजे त्यांची बेरीज दीडावर जाते. बाईंना हे सांगितलं नाही.

पुढे त्या उपनिषदात गंमत आहे. ती बाई विचार करते, यानं मला स्वतःतूनच काढलं आणि आता माझ्याच मागे लागलाय, हे काही बरं नाही. आणि ती लपते. गाय होते, तर तो बैल होतो. घोडी होते, तर तो घोडा. असं करत करत मुंगीपर्यंत सगळी सृष्टी झाली. म्हणजे जगातलं पहिलं भांडण लग्नाआधीच झालं आणि त्यातून निदान गुरंढोरं तरी मिळाली. आमच्या भांडणातून एसटीचं तिकीट निघालं.

भागवतात ब्रह्मदेवाच्या देहाचे दोन भाग होतात. एक स्वायंभुव मनू, दुसरी शतरूपा. तिथे चंद्र नाही, वाघ नाही, पोपट नाही.

"आणि बायबलात?" मी विचारलं. फासळीची गोष्ट मला सिनेमामुळे ठाऊक होती.

बाईंनी कपाटातून ख्रिस्तपुराण काढलं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं बायबलातली सगळी कथा मराठी ओव्यांत रचली. ओव्या दहा हजारांवर. 1616 साली तो ग्रंथ गोव्यात छापला गेला, तोही रोमन लिपीत. म्हणजे आदम आणि एवा यांना मराठीत येऊन चारशेहून जास्त वर्षं झाली. आमच्या घराण्याचा शिक्का असलेला सगळ्यांत जुना कागद 1931 चा आहे. तो कर्जाचा आहे.

फासळीची गोष्ट अशी: देव आदमाला गाढ झोपवतो, एक फासळी काढतो आणि तिची बाई करतो. आता जमाखर्चाच्या नियमानं एका खात्यात जमा झालं तर दुसऱ्यात नावे पडायला हवं. तेव्हा पुरुषांच्या छातीत एक फासळी कमी असणारच, असं युरोपात कित्येकांना वाटायचं. शेवटी 1543 साली व्हेसॅलियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात स्पष्ट केलं की दोघांच्याही फासळ्या सारख्याच, बारा जोड्या. नावे पडलेली रक्कम कुणी परत भरली याची नोंद नाही. मला त्या गोष्टीत निराळंच खुपलं. बाई घडली तेव्हा तिथे हजर असलेला एकमेव पुरुष झोपलेला होता. आणि तिचं नाव मात्र उठल्यावर त्यानंच ठेवलं.

बाई म्हणाल्या, त्याच बायबलात त्याच्या आधीच्या अध्यायात देवानं स्त्री आणि पुरुष बरोबरच निर्माण केल्याचं आहे. फासळीबिसळी काही नाही. या दोन अध्यायांचा मेळ घालता घालता मध्ययुगातल्या एका ज्यू ग्रंथात लिलिथ नावाची बाई आली. आदमाची पहिली बायको, त्याच्यासारखीच मातीची. तिनं सांगितलं, मी दुय्यम राहणार नाही, आणि निघून गेली. फासळीवाली दुसरी. ग्रीकांची तर पँडोरा. पुरुषांना अग्नी मिळाला म्हणून रागावलेल्या झ्यूसनं त्यांना शिक्षा म्हणून मातीची बाई करवली आणि एकेका देवानं तिला एकेक गुण दिला. सगळ्या खात्यांच्या सह्या झालेली फाइल. तिची ती प्रसिद्ध पेटीसुद्धा मुळात पेटी नव्हती, रांजण होता. पुढे भाषांतरात पेटी झाली.

"हे सगळं ठीक आहे," मी म्हटलं, "पण माझा त्वष्टा?"

"त्वष्टा वेदांत आहे. देवांचा कारागीर," बाई म्हणाल्या. "पण तुमची गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. शोधते."

आठ दिवसांनी त्यांचा नातू बँकेत चिठ्ठी घेऊन आला. गोष्ट सापडली होती. फ्रान्सिस विल्यम बेन नावाचे ऑक्सफर्डचे एक इंग्रज गृहस्थ 1892 मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. एकोणिसावं शतक संपता संपता त्यांनी 'अ डिजिट ऑफ द मून' म्हणून पुस्तक काढलं. हे आपल्याला एका ब्राह्मणाकडून मिळालेल्या संस्कृत पोथीचं भाषांतर, असं त्यांनी सांगितलं. पोथी कधीच नव्हती. सगळं प्रोफेसरांनी स्वतः रचलेलं. माझा त्वष्टा, तो माल संपणं, ते परत करणं, सगळं त्यातलं. म्हणजे स्टीफन्स नावाच्या इंग्रजानं आपल्या घरची पहिली बाई आपलं नाव सांगून मराठीत आणली, आणि पावणेतीनशे वर्षांनी दुसऱ्या इंग्रजानं आपल्या घरची बाई आमच्या नावावर खपवली. आणि आम्ही ती सव्वाशे वर्षं पुराणातली म्हणून लग्नांत सांगतोय! अर्थशास्त्राचा प्राध्यापक, म्हणून तर त्याच्या गोष्टीत माल संपतो आणि माल परत येतो. हे मला आधीच कळायला हवं होतं.

मी आनंदानं घरी आलो. ही गॅसजवळ होती. चपला काढायच्या आत म्हणालो, "अगं, ती गोष्ट आपल्या पुराणातली नाहीच! पुण्यातल्या एका इंग्रज प्रोफेसरनं रचलेली निघाली."

"बरं."

"म्हणजे सगळा दोष त्याचा."

"तो आला होता का वेळापुरात सांगायला?"

मी मोरीवर पाय धुवायला गेलो. फार वेळ धुतले.

इथे नावाची भानगड सांगून टाकतो. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना निघाली. महिना दीड हजार, आणि तेही बाईच्याच खात्यात. जुलैपासून आमच्या काउंटरसमोर रांग लागली ती रस्त्यापर्यंत. कितीतरी बायका बँकेची पायरी पहिल्यांदा चढत होत्या. एक आजी आल्या, साठीच्या आत असतील, पण उन्हानं आजी केलेल्या. मी विचारलं, "नाव?"

"कंचं? म्हायेरचं का हितलं?"

"आधारवर आहे ते."

"त्येच्यावर तिसरंच हाय की."

खरंच तिसरंच होतं. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं आणि आधारवाल्यानं ऐकलेलं तिसरं. खात्यासाठी यातलं एकच चालणार. आजी शांतपणे म्हणाल्या, "तुमास्नी बरं वाटंल ते लिवा." मी आधारवरचं लिहिलं. दुसरं काही करता येत नव्हतं. पण त्या दिवशी मला माझं तांदळाचं ताट आठवलं. लग्नात गुरुजींनी माझ्या हातात अंगठी दिली आणि विचारलं, "नवरीचं नाव काय ठेवायचं?" मी माझ्या आवडीचं एक नाव तांदळात लिहिलं. एका नटीचं होतं, हे घरात अजून कुणाला माहीत नाही. वीस वर्षं ज्या नावानं तिला हाक मारली गेली होती ते नाव मी एका मिनिटात तांदळाखाली गाडलं आणि वर पेढा खाल्ला. आदमानं निदान झोप तरी काढली होती. मी पूर्ण जागा होतो.

24 मार्चला सोमवार होता. सोमवारी संध्याकाळी ही अर्धनारी नटेश्वराला जाते. मी सहसा बाहेर चपलांपाशी थांबतो. त्या दिवशी आत गेलो. यादवांच्या काळातलं दगडी देऊळ. रामचंद्रदेव यादवाच्या वेळचे मराठी शिलालेख आमच्या या देवळात आहेत आणि आम्ही वेळापूरकर त्यांच्या शेजारी बसून उसाच्या दराची चर्चा करतो. आत गार असतं. ही एका खांबाला टेकून बसली. मीही बसलो.

बाईंनी त्या रविवारी शेवटी सांगितलेली गोष्ट मला सांगाविशी वाटत होती. शिवपुराणातली. ब्रह्मदेवानं सृष्टी करायला घेतली आणि नुसते पुरुषच केले. सृष्टी काही वाढेना. सगळा स्टाफ भरलाय, शाखा मात्र चालत नाही. मग त्यानं तप केलं, तेव्हा शंकर प्रगट झाला तो अर्धा पुरुष, अर्धी स्त्री असा. आणि त्यानं आपल्या देहातून देवीला वेगळं केलं. ब्रह्मदेवानं हात जोडले ते तिच्यापुढे. म्हणाला, बाई निर्माण करणं मला जमत नाही, ती शक्ती तू दे.

मी हळू आवाजात हे सगळं सांगितलं. म्हटलं, "म्हणजे बघ, आपल्या देवळातल्या गोष्टीत बाई कशापासूनच केलेली नाही. माती नाही, फासळी नाही, उरलासुरला माल नाही. ती होतीच. फक्त वेगळी उभी राहिली."

"घारापुरीला नव्हती का बघितली?" ती म्हणाली.

हे मी विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी प्रवासभत्त्यावर आम्ही मुंबई पाहिली, तेव्हा बोटीनं घारापुरीला गेलो होतो. तिथे लेण्यात भिंतभर अर्धनारीश्वर आहे. उजवा अर्धा शंकर, डावी अर्धी पार्वती. मी तेव्हा फोटो काढण्यात दंग होतो.

"पार्वतीच्या हातात आरसा आहे," ही म्हणाली, "आणि शंकराच्या बाजूचा हात नंदीवर टेकलाय. मी तेव्हाच मनात म्हटलं, टेकलेला अर्धा पुरुषाचाच असणार."

महिनाभरातलं हे तिचं सगळ्यांत लांब वाक्य होतं. मी धीर केला.

"बार्शीचं..." मी म्हटलं, "मी तुला पोचवायला नको होतं."

ती काही बोलली नाही. एक बाई प्रदक्षिणा घालत दोनदा आमच्यासमोरून गेली.

"तुम्ही न्यायला आलात तेव्हा काय म्हणालात आठवतं?" तिनं विचारलं.

आठवत होतं. सासऱ्यांनी दारातच विचारलं होतं, "घेऊन जायला आलात?" आणि मी म्हणालो होतो, "नाही. गॅसचं कार्ड कुठे ठेवलंय ते विचारायला आलोय." वेळापूरहून बार्शीला, दोन एसट्या बदलून, गॅसच्या कार्डासाठी!

"कार्ड तुमच्या पिशवीत होतं," ती म्हणाली. "टॉवेलच्या वर. निळं. मी पाणी घेऊन आले तेव्हाच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? दादा म्हणत होते, जाऊ नकोस, बघू आपण. आणि मला नोकरी लागली होती."

"नोकरी?"

"बालवाडीत. महिना आठशे. तीन दिवस गेलेही होते."

एकोणीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी रोज लोकांच्या खात्यांचे उतारे काढून देतो. या खात्यातली ही नोंद मी कधी पाहिली नव्हती. मला वाटत होतं, मी तिला परत केली आणि मीच तिला परत आणली, दोन्ही वेळा पेटी माझ्याच हातात होती. मधल्या तीन दिवसांत ती सकाळी डबा घेऊन कुठेतरी जात होती, वीसपंचवीस पोरं तिला बाई म्हणून हाक मारत होती, आणि ते तिनं बार्शीतच ठेवून दिलं.

"तिथे तुला कुठल्या नावानं ओळखायचे?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"माझ्या," ती म्हणाली आणि घंटा वाजवायला उठली.

त्याच आठवड्यात आमची एक मुदत ठेव पुरी होत होती. घर दुरुस्तीसाठी म्हणून साठवलेली. दोघांच्या नावावर, पहिलं माझं, दुसरं तिचं. बँकेत मी ठेवीदारांना 'कुणाचंही नाव पहिलं घाला, पैसे तुमचेच आहेत' असं रोज सांगतो. स्वतःच्या वेळी हे कधी सुचलं नव्हतं. गुरुवारी तिला शाखेत बोलावलं. स्वतःचं काम स्वतः करायचं नाही असा नियम, म्हणून शेजारच्या काउंटरवरच्या पोराकडे फॉर्म दिला. तो गालात हसत होता. महिलादिनाचं भाषण त्याच्या आईनं ऐकलं होतं.

"पहिलं नाव वहिनींचं?" त्यानं विचारलं.

"हो."

"पण सर, एक प्रॉब्लेम आहे. पॅनवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आहे. कुठलं घेऊ?"

मी तोंड उघडणार होतो. नियमानं पॅनवरचंच घ्यावं लागतं, म्हणजे मी तांदळात लिहिलेलं. पण ही पर्स उघडून एक घडी केलेला कागद काढत होती. राजपत्राचा उतारा होता. नाव बदलल्याचा, म्हणजे जुनं परत घेतल्याचा. खाली नवं पॅन, नवं आधार. तारखा मी पाहिल्या. महिलादिनाच्या कितीतरी आधीच्या. लाडक्या बहिणीची रांग लागली होती त्याच पावसाळ्यातल्या. मी घरी येऊन त्या आजींच्या तीन नावांची गोष्ट विनोदी म्हणून सांगितली होती, तेव्हाच्या.

"हे घ्या," ती त्या पोराला म्हणाली.

पोरानं नाव टाइप केलं. मी पडद्यावर वाचलं. चांगलं नाव आहे. नटीचं नाही.

फॉर्म छापून आला. तिनं चष्मा लावला, अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पहिल्या खातेदाराच्या चौकोनात सावकाश सही केली. मी पेन घेऊन कागदावर जागा शोधत होतो. इतक्या वर्षांत या चौकोनात मी कधी सही केली नव्हती.

"इथे," तिनं बोट ठेवलं. "खाली. फुली केलीय बघा."